कोल्डहँड्स म्हणजे बेंजेनच का? रविवारच्या आत मदत हवी आहे

अवनी_वाचते:
रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर मला वीस मिनिटं बोलायचंय आणि विषय मीच मागून घेतलाय, कोल्डहँड्स नक्की कोण? एक मित्र छातीठोकपणे सांगतोय की तो बेंजेनच. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे धड मांडता येत नाहीये. पुरावे द्या. 'गूगल कर' म्हणू नका, दोन रात्री तेच केलंय.

गोदाकाठ:
कशातला कोल्डहँड्स? कथेचं नावच नाही धाग्यात.

हिमकडा:
जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्यांतला हो, ज्यांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका झाली. सॅमला आणि मग लहानग्या ब्रॅनला वाट दाखवणारा, चेहरा झाकलेला गूढ माणूस. बेंजेन म्हणजे ब्रॅनचा बेपत्ता काका. पण ताई, पुस्तकातला विचारताय की मालिकेतला?

अवनी_वाचते:
पुस्तकातलाच, अर्थात.

रातकिडा:
फरक काय पडतो? सहाव्या सीझनमध्ये (२०१६) ब्रॅन आणि त्याची सोबतीण मीरा यांना वाचवायला बेंजेनच येतो की. व्हाइट वॉकरने, म्हणजे बर्फातल्या त्या पिशाच्चाने, आपल्याला पोटात तलवार खुपसून मरायला टाकलं होतं, हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. मार्टिनने निर्मात्यांना पुढचे मोठे टप्पे सांगून ठेवले होते. मिटला प्रश्न.

हिमकडा:
नाही मिटला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाचव्या खंडाचं हस्तलिखित ठेवलंय. त्यात संपादिकेने कोल्डहँड्सच्या प्रसंगापाशी विचारलंय, हा बेंजेन का? मार्टिनने तिथेच लिहिलंय, 'नाही'.

रातकिडा:
वाचकांच्या हाती लागेल म्हणून मुद्दाम लिहिलं असेल.

हिमकडा:
छपाईआधी स्वतःच्याच संपादिकेला कोण कशाला चकवेल? तिला तर पुढची जुळणी करायची असते. अवनीताई, तुमचं पाचवं पुस्तक वाचून झालंय ना? त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

अवनी_वाचते:
तिसरं संपलंय, चौथं चालू आहे. मालिका मात्र पूर्ण पाहिलीय. उलगडा झाला तरी चालेल, बिनधास्त सांगा.

गोदाकाठ:
हे आधी सांगायचं होतंत! मालिकेतला बेंजेन डोक्यात ठेवून तुम्ही तिसरं पुस्तक वाचलंय, सगळा घोळ तिथेच आहे.

हिमकडा:
मग ऐका. पाचव्यात (२०११) कोल्डहँड्स ब्रॅनला तीन डोळ्यांच्या कावळ्याच्या गुहेपर्यंत आणतो, पण स्वतः आत जाऊ शकत नाही. बाहेरची चालती प्रेतं त्याला मारतील अशी ब्रॅनला भीती वाटते, तेव्हा लीफ म्हणते की त्याला तर फार पूर्वीच मारलंय. लीफ वनपुत्रांपैकी, म्हणजे माणसांआधीच्या रानातल्या जमातीपैकी आहे, शेकडो वर्षं जगलेली. बेंजेनला गायब होऊन किती काळ झालाय? दोन-तीन वर्षं फार तर. तिच्या तोंडी त्याला 'फार पूर्वी' कसं शोभेल?

पाटणकर_काका:
लहानपणी वेताळपंचविशी ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये. शरीर मेलेलं, पण आतला बोलतो, राजाला गोष्टी सांगतो. प्रेतात शिरलेला वेताळ कोण होता यापेक्षा तो काय सांगतो, याकडे विक्रमाचं लक्ष होतं. याच अंगाने बोला, लोकांना आवडेल.

अवनी_वाचते:
काका, छान आहे, पण मला 'कोण' हेच हवंय.

तेरावा_सेनापती:
मग माझं ऐका. नाइट्स किंग. उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉच या दलाचा तेरावा सेनापती, ज्याचं नाव नोंदींतून पुसून टाकलं. त्याने राज्य केलं ते भिंतीवरच्या नाइटफोर्ट किल्ल्यावर. तिसऱ्या पुस्तकात कोल्डहँड्स सॅमला कुठे पाठवतो? नाइटफोर्टखालच्या काळ्या दारापाशी! वॉचची शपथ घेतलेल्या भावालाच उघडणारं ते दार. तो किल्ला ओस पडून दोनशे वर्षं झाली. ते दार तिथे आहे हे आता कोणाला ठाऊक असणार?

गोदाकाठ:
तीन डोळ्यांच्या कावळ्याला, म्हणजे गुहेतल्या त्या जादूगार म्हाताऱ्याला. तोच ब्रिंडन रिव्हर्स, स्वतः वॉचचा सेनापती होता आणि झाडांतून त्याला सगळं दिसतं. त्याने सांगितलं, याने केलं. यासाठी आठ हजार वर्षं मागे जायची गरज नाही.

तेरावा_सेनापती:
मग ज्यावर बसून येतो त्या सांबराचा गळा चिरताना कोल्डहँड्स कुठल्याशा अनोळखी भाषेत आशीर्वाद का पुटपुटतो? भाषाही जुनी, माणूसही जुना.

पाटणकर_काका:
मूळ पुस्तकात एल्क आहे, आणि एल्क म्हणजे सांबर नव्हे. आपलं सांबर खांद्यापाशी जेमतेम पाच फूट, आणि सॅमला दिसलेलं जनावर दहा फूट उंच. सांबर म्हटलं की चित्र पार बदलतं.

वाचनवेडी_नाशिक:
नवीन वाचकांसाठी पाच खंडांचा क्रम देते, प्रकाशनाच्या वर्षांनुसार: १९९६, १९९८, २०००, २००५, २०११. चौथं आणि पाचवं बरंचसं एकाच काळात घडतं, म्हणून काहीजण दोन्हींची प्रकरणं आलटून-पालटून वाचतात. मी तसंच वाचलं, तुम्हीही वाचा.

अवनी_वाचते:
क्रम कोणी विचारला नव्हता हो. हिमकडा, शनिवारपर्यंत पाचवं पूर्ण होणार नाही. नेमकं काय वाचू?

हिमकडा:
ब्रॅनची पहिली दोन प्रकरणं पुरेत. कोल्डहँड्सचे हात काळे पडलेत, तो खात-पीत नाही, कडाक्याच्या थंडीत तोंडातून वाफ निघत नाही, हे मुलांच्या हळूहळू ध्यानात येतं ते पहिल्यात. गुहेचं दार आणि लीफचं बोलणं दुसऱ्यात. आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. तो कायम गुंडाळलेला असतो, पण बेंजेन ब्रॅनचा सख्खा काका. इतके दिवस सोबत राहून ब्रॅनने आवाजही ओळखू नये?

अवनी_वाचते:
आवाज! हेच मला खटकत होतं आणि सांगता येत नव्हतं. तिसऱ्यात सॅमही बेंजेनला ओळखणारा नाही, म्हणून तिथे संशय राहतो. पण ब्रॅनसमोर तो टिकत नाही.

रातकिडा:
मेल्यावर आवाज बदलू शकतो. पुस्तकात तो घोगराच आहे.

हिमकडा:
घोगरा आहे, मान्य. पण मग चालण्या-बोलण्यातलं काहीच ओळखीचं वाटू नये?

गोदाकाठ:
सगळं ठीक. पण कोल्डहँड्स हा बेंजेन नव्हे, तर बेंजेन गेला कुठे?