कुत्र्याची जुनाट खाज आणि आहारचाचणी

सप्रेम नमस्कार,

आमच्या चार वर्षांच्या चिंगीला गेली दोन वर्षे अंगाला सतत खाज सुटते. रात्री दिवे मालवले की ती पंजे चाटत बसते आणि तो आवाज पहाटेपर्यंत थांबत नाही. बोटांमधले पांढरे केस लाळेने विटकरी झाले आहेत आणि कान वर्षातून तीन-चार वेळा चिघळतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आराम पडतो, पण गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू होते. तिचे खाणे आम्ही तीनदा बदलले, उपयोग झाला नाही. ॲलर्जीची रक्ततपासणी करून घ्यावी का, आणि हे दुखणे कायमचे बरे होते का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

सप्रेम नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते स्वीकारायला मला स्वतःला फार वेळ लागला. अशी ॲलर्जी सहसा कायमची बरी होत नाही. मात्र ती आटोक्यात ठेवता येते आणि आटोक्यात असली की कुत्रा सुखाने जगतो. आमचा कुत्रा आता अकरा वर्षांचा आहे आणि त्यातली नऊ वर्षे आम्ही त्याच्या कातडीची निगा राखत आलो आहोत.

माणसाला ज्या परागकणांनी आणि धुळीतल्या माइट्सनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांनी) शिंका येतात, त्यांनीच कुत्र्याला बहुतेक वेळा खाज सुटते. हा त्रास साधारण 6 महिने ते 3 वर्षे या वयात सुरू होतो आणि पंजे, तोंड, कान, काखा व पोट या जागा धरतो. अडचण अशी की अन्नाची ॲलर्जीही नेमक्या याच जागी दिसते, त्यामुळे नुसते पाहून दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत. पिसवांची ॲलर्जी बहुधा कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी दिसते. तरीही पिसवांचे औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना वर्षभर द्यावे आणि खरूज नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्यावे.

रक्ततपासणीने ॲलर्जी आहे की नाही हे ठरत नाही. पराग आणि माइट्सची तपासणी पुढे इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराला त्याच गोष्टींची हळूहळू सवय लावणाऱ्या उपचाराची, लस बनवताना उपयोगी पडते. अन्नासाठी मात्र ती भरवशाची नाही. तिथे आहारचाचणीला पर्याय नाही, आणि खाणे तीनदा बदलणे म्हणजे आहारचाचणी नव्हे. पाकिटावरचे नाव बदलते, पण आत बहुधा तीच कोंबडी किंवा तेच गोमांस असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचे खाद्य निवडावे, निदान 8 आठवडे तेवढेच द्यावे, आणि त्या काळात दुसरा एक कणही पोटात जाऊ देऊ नये. आमची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात वाया गेली. मी त्याला नेहमीची जंताची गोळी दिली होती आणि ती मांसाच्या चवीची आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करताना मला अक्षरशः रडू आले होते. खाज कमी झाली तर जुने खाणे मुद्दाम परत द्यावे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत खाज उलटली, तरच अन्नावरचा दोष सिद्ध होतो. आमच्याकडे कोंबडी बंद केल्यावर खाज निम्म्यावर आली. उरलेली निम्मी हवेतल्या गोष्टींची निघाली.

त्याहीआधी जंतुसंसर्गाकडे पाहा, कारण संसर्ग असेपर्यंत कोणतेही औषध आणि कोणताही आहार खरा गुण दाखवत नाही. चाटून ओल्या राहिलेल्या कातडीवर जीवाणू आणि यीस्ट नावाची बुरशी माजतात, आंबूस वास येतो आणि खाज दुप्पट होते. डॉक्टर कातडीला चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी काही मिनिटांची असते, ती आग्रहाने मागून घ्या. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू सांगितला तर तो अंगावर पूर्ण 10 मिनिटे राहू द्या, पाणी कोमट घ्या आणि बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करा.

स्टेरॉइड वाईट नाही, पण वर्षानुवर्षे त्याच्यावरच विसंबू नये, आणि ते मनाने एकदम बंदही करू नये. खाज कमी करणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या किंवा साधारण 4 ते 8 आठवडे टिकणारे लोकिवेटमॅबचे इंजेक्शन याविषयी डॉक्टरांना विचारा. इम्युनोथेरपीचा गुण दिसायला वर्षही लागू शकते. माणसांची मलमे मात्र चिंगीला लावू नका, ती चाटून पोटात जातात.

रोज रात्री तिच्या खाजेला 0 ते 10 पैकी एक आकडा द्या आणि वहीत टिपून ठेवा. खाज थांबली म्हणून मी दोनदा सगळे उपचार सोडून दिले आणि दोन्ही वेळा त्याचे कान पुन्हा वाहू लागले. दुसऱ्यांदा वही उघडली, तेव्हा आकडा आठवडाभर आधीपासूनच चढत असलेला दिसला.

*

ताई, मनापासून आभार. चिकटपट्टीच्या तपासणीसाठी उद्याची वेळ घेतली आहे. तुमच्या जंताच्या गोळीचे वाचून मी चिंगीच्या कपाटातली प्रत्येक वस्तू काढून पाहिली. तिची दात घासायची पेस्ट कोंबडीच्या चवीची निघाली. तिन्ही वेळा खाणे बदलले, तेव्हा ती आम्ही रोज रात्री लावत होतो.