मदत हवी आहे: पाझर तलावात हिशोबाएवढं पाणी येत नाही (अर्जंट, शुक्रवारी ग्रामसभा आहे)

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. तीन दिवस झाले डोकं लावतोय, सुटत नाही. आमच्या गावचा पाझर तलाव एक तृतीयांशाच्या वर कधी भरत नाही. मी कर्व्ह नंबर पद्धतीनं अपधाव (पावसातलं वाहून येणारं पाणी) काढला, सीएन म्हणजे जमिनीचा कर्व्ह नंबर, जेवढा जास्त तेवढं जास्त पाणी वाहतं, तो ८० धरला, उत्तर आलं ५३० मिमी, म्हणजे १ लाख १६ हजार घनमीटर पाणी यायला पाहिजे आणि तलावाची क्षमता फक्त ४० हजार, तीनदा भरायला नको का? मग बांधातून गळतंय का वरच्या शिवारातल्या लोकांनी अडवलंय? हिशोब दोनदा तपासलाय, तो बरोबर आहे. लवकर सांगा.

मुरूममाती:
पाऊस किती झाला? पाणलोट क्षेत्र किती हेक्टर? जमीन कसली? गाव कुठल्या तालुक्यात? यातलं काहीच लिहिलं नाही, सांगायचं कसं.

शेततळं_बीड:
दादा, सरळ ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरा. माझं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं आहे, पाणी मेपर्यंत टिकतं. कागदाशिवाय पर्याय नाही.

मुरूममाती:
अहो पाझर तलाव आहे तो, पाझरायलाच बांधलाय. कागद टाकला तर खालच्या विहिरींना काय मिळणार?

शेततळं_बीड:
पण त्यांना तलाव भरलेला पाहिजे असं त्यांनीच लिहिलंय ना. मी अनुभवाचं सांगतोय.

सीनाकाठ:
आष्टी तालुका, सीना खोरं. क्षेत्र २२ हेक्टर, वर माळ आणि खाली काळी जमीन. पाऊस ६०० मिमी. आता सांगा गळती कुठं शोधायची.

कोयनाकाठ:
कर्व्ह नंबर ही अमेरिकेची पद्धत आहे, आपल्याकडे इंग्लिस-डिसूझा वापरा, वर्षाच्या पावसावरून अपधाव काढायचं १९२९ सालचं सूत्र आहे, इथल्याच नद्यांच्या मोजणीवरून काढलेलं. पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.८५ नं गुणा, ३०.५ वजा करा. तुमचं २०.५ सेंमी येतं. मी आमच्याकडे नेहमी हेच वापरतो.

मुरूममाती:
ते घाटमाथ्याचं सूत्र आहे, आष्टीला लावू नका. पठाराचं वेगळं आहे. पावसातून १७.८ वजा करा, त्याला पावसानं गुणा, भागिले २५४. ६० सेंमीला साधारण १० सेंमी येतं, म्हणजे १०० मिमी, २२ हेक्टरला २२ हजार घनमीटर. सह्याद्रीच्या पावसाचा आणि पर्जन्यछायेतल्या पावसाचा ताळेबंद एक नसतो हो.

कोयनाकाठ:
बरोबर, पठाराचं वेगळं आहे हे लक्षात नव्हतं. पण २२ हजार आणि १ लाख १६ हजार यात पाचपट फरक कसा?

जलसंधारण_ताई:
सीनाकाठ भाऊ, एक विचारते. कर्व्ह नंबरच्या सूत्रात पाऊस म्हणून काय घातलंत, वर्षाचा ६०० मिमी एकदम?

सीनाकाठ:
हो. दुसरं काय घालणार? वर्षाचं पाणी काढायचंय तर वर्षाचाच पाऊस.

जलसंधारण_ताई:
तिथंच चुकलंय. हे सूत्र एका वेळच्या पावसाचं आहे. तुम्ही ६०० मिमी एका दिवसात पडला असं धरलंत, मग ५३० वाहून जाणारच. रोजचा पाऊस घ्यायचा. सीएन ८० ला एस, म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरते तो आकडा, येतो ६३.५ मिमी, त्याचा पाचवा हिस्सा १२.७ मिमी, एवढा पाऊस जमीन आणि झाडोरा आधी खातात. जमीन आधीच भिजलेली नसेल तर त्याच्या आतल्या पावसानं ओढ्याला थेंब येत नाही. तुमच्याकडे रोजची नोंद आहे का?

गावकरी_नारळ:
आमच्याकडे एक पाणाड्या आहेत, हातावर नारळ ठेवून सांगतात, चार बोअर बरोबर लागलेत. नंबर देऊ का?

मुरूममाती:
इथं बोअरचा विषय नाही भाऊ.

सीनाकाठ:
नोंद आहे, घरी पर्जन्यमापक आहे, सकाळी साडेआठला वाचतो. मोठे दिवस असे: ६८, ५४, ४१, ३६, ३३, २८, २५, २२, २०, १८. बाकी सगळा बारीकसारीक.

जलसंधारण_ताई:
मग बघा. ६८ मिमीला साधारण २५.७, ५४ ला १६.३, ४१ ला ८.७, ३६ ला ६.३, ३३ ला ४.९. पुढचे पाच दिवस मिळून सातेक मिमी. एकूण ६९ मिमी. २२ हेक्टरला १५ हजार घनमीटर. त्यातलं ४२ मिमी नुसत्या दोन दिवसांनी दिलं. म्हणून मी शेतकऱ्यांना सांगत असते, सरासरी बघू नका, मोठे पाऊस मोजा.

सीनाकाठ:
म्हणजे माझा हिशोब चुकला. ठीक आहे. पण वरच्या शिवारात गेल्या चार वर्षांत समतल चर (उताराला आडवे खणलेले चर) मारलेत, त्यांनी अडवलं नाही का?

काळीमाती_पाटोदा:
अडवणारच, अडवायलाच मारलेत. माथा ते पायथा असंच काम करायचं असतं, वरचं पाणी मुरलं की तुमच्या विहिरीला उशिरा येतं. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पीक ठरवतात, तुम्हालाही तेच लागू.

उजनीप्रेमी:
मूळ प्रश्न समन्यायी वाटपाचा आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आहे, वरच्यानं किती अडवायचं हे ठरायला पाहिजे. जायकवाडीचंही तेच भांडण, नाशिक-नगरवाले आणि मराठवाडा.

काळीमाती_पाटोदा:
२२ हेक्टरच्या ओढ्यात जायकवाडी कुठं आणता. ते गोदावरी खोरं आहे, हे भीमेचं.

उजनीप्रेमी:
खोरं वेगळं असलं तरी तत्त्व एकच. वेगळा धागा काढतो.

जलसंधारण_ताई:
अजून एक राहिलं. ५४ मिमी कुठल्या तारखेला पडला? काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, जूनचा पहिला पाऊस त्यांत जातो. कोरड्या जमिनीला सीएन ८० चा ६३-६४ धरतात, ओल्याला ९०. तोच ५४ मिमी जूनमध्ये पावणेचार मिमी अपधाव देतो आणि पाठोपाठच्या सरींनी जमीन भिजली असेल तर ३१ मिमी. आठपट.

सीनाकाठ:
९ जूनला. भेगा तेव्हा हातभर होत्या, मी स्वतः बघितल्या.

जलसंधारण_ताई:
मग तो दिवस पावणेचारवर आणा आणि बाकीचे तसेच ठेवा.

सीनाकाठ:
केलं. ५६.७ मिमी, साडेबारा हजार घनमीटर. तलावाचा तिसरा हिस्सा जवळपास तेवढाच. म्हणजे बांध फुटलेला नाही आणि वरच्या लोकांवर मी उगाच चिडलो, परवा एकाला ओट्यावर बोललो पण होतो, उद्या जाऊन माफी मागतो. ग्रामसभेत आता गाळ काढायचा ठराव मागे घेतो, क्षमता वाढवून उपयोग नाही. एवढ्या पाण्यात कांदा किती एकर बसतो, कुणी सांगेल का?

काळीमाती_पाटोदा:
विहिरींची पातळी आणि कांदा रब्बी का उन्हाळी ते लिहा आधी.