इंग्लंडच्या उपनगरांचं आरोग्य कुणी सुधारलं? अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरने की नळ टाकणाऱ्या इंजिनिअरने?

परिघावरचा

गेले दोन महिने रात्रीची जेवणं झाली की माझा एकच उद्योग चाललाय. लंडनच्या कडेच्या जुन्या नगरपालिकांचे १९४०-५० च्या दशकांतले आरोग्य अहवाल वाचणं. वेम्बली, ईलिंग, साउथॉल, टॉटनम. आज ही सगळी नावं लंडनच्या नकाशावर असली तरी १९६५ पर्यंत ते मिडलसेक्स काउंटीतले वेगवेगळे बरो, म्हणजे स्वतःची पालिका असलेली गावं, होते. प्रत्येकाला एक मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे पालिकेचा आरोग्याचा डॉक्टर, असे आणि त्याला दरसाल 'महापौर, आल्डरमन आणि नगरसेवक यांस' असा मायना घालून अहवाल द्यावा लागे.

अहवालात सगळं येतं. क्षयाचे नवे रोगी, तुंबलेली गटारं, उंदरांच्या तक्रारी, आइस्क्रीमचे नापास नमुने. खाटकांकडचं किती मांस फेकायला लावलं ते टन, हंड्रेडवेट आणि पौंडापर्यंत. बायको म्हणते, घरचं वाणसामान कधी इतक्या बारकाईने लिहून ठेवलं नाहीस.

आता मुद्दा. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, दवाखाने सरकारकडे गेले, बाळंतपणं आणि बालसंगोपन काउंटीकडे. बरोच्या डॉक्टरकडे उरलं गटार, उंदीर, कचरा, दूध, अन्न, धूर. सगळे म्हणतात त्याचं महत्त्व तिथेच संपलं. मला उलट वाटतं. लोक मुळात आजारी पडू नयेत हे काम त्याच्याकडेच राहिलं, आणि ते त्याने केलं. कारण त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, दरसाल जाहीर लिहायची सक्ती. दुसरी, १९२१ च्या कायद्याने आरोग्यमंत्र्याच्या संमतीवाचून त्याला काढता येत नसे. नगरसेवकाच्या मेव्हण्याच्या हॉटेलात झुरळं असली तरी तो लिहू शकत होता.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील.

वॉशर

अहो, कागदाने कधी मैला वाहून गेलाय का?

तुमच्याच मिडलसेक्सचं घ्या. प्रत्येक छोट्या गावाचं स्वतःचं सांडपाणी केंद्र होतं, बहुतेक ओसंडून वाहणारी. दोन महायुद्धांच्या मध्ये तिथे घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. मग काउंटीने १९३६ मध्ये आयलवर्थजवळ मॉग्डनचं एकच मोठं केंद्र सुरू केलं आणि २८ छोटी केंद्रं बंद झाली. तिथला गाळ नळातून कित्येक मैल लांब पेरी ओक्सला ढकलत. पेरी ओक्स म्हणजे कुठे? हीथ्रोचं टर्मिनल पाच आज जिथे उभं आहे तिथे. आपली मंडळी ज्या जागी लोणच्याच्या बरण्या फुटल्या नाहीत ना हे बघत उभी असतात, ती पश्चिम मिडलसेक्सच्या मैल्याची जागा.

हे कुठल्या एका बरोच्या डॉक्टरला जमलं असतं? त्याने जन्मभर अहवाल लिहिले असते. उपनगर सुधारलं ते काउंटीच्या पैशाने आणि इंजिनिअरच्या उताराच्या गणिताने.

परिघावरचा

मॉग्डन मान्य. पण नळ घराबाहेरचं नेतो. हलवायाने हात धुतले का, हे नळ बघत नाही. १९५५ च्या अन्नस्वच्छता नियमांत दुकानदाराकडे साबण, टॉवेल आणि नखं घासायचा ब्रश हवा असं लिहिलंय. तो ब्रश ओला आहे की कोरा, हे बघायला माणूसच जायचा.

आणि घटसर्प? १९४० मध्ये ब्रिटनमध्ये ६१ हजारांवर रोगी आणि ३,२८३ मृत्यू. १९५७ मध्ये ३८ रोगी, ६ मृत्यू. ही लस शाळाशाळांतून टोचायची मोहीम याच डॉक्टरांच्या खात्यांनी चालवली. त्यात उताराचं गणित कुठे आलं?

कावेबाज कावळा

तुमच्या डॉक्टरमहाराजांच्या आरतीत क्रॉयडन कसं नाही आलं? की ते पान चिकटलं होतं?

१९३७ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. क्रॉयडन हे लंडनच्या दक्षिणेचं खातंपितं उपनगर. ॲडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्तीला माणसं उतरवली होती. त्यांतल्या एकाला पूर्वी विषमज्वर होऊन गेला होता आणि जंतू अजून अंगात होते. काम चालू असताना गाळणी आणि क्लोरीन बंद. आणि पंप मात्र चालू! पाणी थेट घराघरात. शेकडो लोक तापाने पडले, ४३ मेले.

डॉक्टर होता, कायदा होता, वार्षिक अहवाल होता. मंत्र्याच्या संमतीचं कवचही होतं. काय उपयोग झाला?

परिघावरचा

क्रॉयडन माझ्याच बाजूने बोलतं, कावळेबुवा. चौकशीत निघालं काय, तर अधिकाऱ्यांचा एकमेकांशी ताळमेळ नव्हता. विहिरीत माणसं उतरलीत हे पाणीखात्याने आरोग्याच्या डॉक्टरला कळवलंच नव्हतं. म्हणजे तुमच्या लाडक्या इंजिनिअरने.

कावेबाज कावळा

इंजिनिअर वॉशरसाहेबांचा लाडका, माझा कुणीच नाही. ज्याला शेजारच्या खोलीतलं कळत नाही तो शहराचा राखणदार कसला? तिथे चौकशीसाठी रेटा लावला तो रहिवाशांनी, समिती काढून. मग एकाने पालिकेला कोर्टात खेचलं. निकाल वाचण्यासारखा आहे. शुद्ध पाणी पुरवायचं कायदेशीर कर्तव्य करदात्याप्रति, म्हणून बापाला त्या कलमाखाली भरपाई. तापाने पडली होती मुलगी, पण ती कर भरत नव्हती! तिला ते कलम लागू नाही. तिच्यासाठी निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागला. सिद्ध झाला म्हणून मिळाली.

दगडूशेठचा भाडेकरू

वादात पडत नाही, आजोबांची एक गोष्ट सांगतो. ते १९५२ मध्ये विल्सडेनला खोली घेऊन शिकत होते. आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही मीटरमध्ये शिलिंग टाकलं तर. शिलिंग संपलं की पाणी गार, अंगाला साबण तसाच. डिसेंबरात ५ ते ९ तारखेला ते कुप्रसिद्ध धुरकं आलं. आजोबा सांगत, रुमालात शेंबूड काळा निघायचा आणि रस्ता ओलांडताना स्वतःचे बूट दिसायचे नाहीत. घरमालकीण खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबायची आणि मग शेगडीत आणखी कोळसा घालायची. घर उबदार, गाव काळं. सरकारने त्याच महिन्यात चुऱ्याचा हलका कोळसा रेशनमुक्त केला होता, म्हणजे दुधात साखर. तेव्हाचा सरकारी अंदाज सुमारे ४,००० मृत्यूंचा, नंतरचे अभ्यासक १२,००० पर्यंत जातात.

परिघावरचा

आणि तो धूर हटला कसा? १९५६ च्या कायद्याने बरोला धूरबंदीचा विभाग जाहीर करता येऊ लागला. मग निरीक्षक घरोघर जाऊन शेगड्या मोजायचे. शेगडी बदलायच्या खर्चाचे ७० टक्के अनुदान, त्यात ४० सरकारचे, ३० बरोचे, उरलेले घरमालकाचे. घर कायद्यानंतर बांधलेलं असलं तर छदाम नाही. ही याद्यांची कामं बरोच्या आरोग्यखात्याने केली.

वॉशर

केली, जिथे लोकांकडे ते ३० टक्के होते तिथे! खाणींच्या पट्ट्यात मजुरांना पगाराचा भाग म्हणून कोळसा मिळायचा. तिथे कित्येक पालिका वर्षानुवर्षं ढिम्म. डॉक्टर तिथेही होतेच की. मग अहवालाची जादू तिथे का नाही चालली?

परिघावरचा

हा मुद्दा बिनतोड आहे. विचार करतो.

हॅरोची सून

इतका वेळ वाचत होते. मी इथे इंग्लंडमध्ये वृद्धांच्या सेवेत काम करते, त्यामुळे या 'निर्भय डॉक्टर' प्रकाराची दुसरी बाजू मला माहीत आहे. १९४८ चा नॅशनल असिस्टन्स ॲक्ट, कलम ४७. एखादी म्हातारी एकटी राहते, घर अस्वच्छ आहे, तिला स्वतःचं करता येत नाही आणि करणारं कुणी नाही, असं बरोच्या डॉक्टरने लिहून दिलं की मॅजिस्ट्रेट तिला घरातून हलवायचा हुकूम देऊ शकत असे. तीन महिन्यांपर्यंत, पुढे वाढवताही येई. सात दिवसांची नोटीस तरी होती. १९५१ मध्ये दुरुस्ती आली: दुसऱ्या एका डॉक्टरची सही घ्या आणि नोटिशीशिवाय तीन आठवड्यांसाठी उचला. हे कलम इंग्लंडमधून गेलं ते २०१५ मध्ये.

तुम्ही म्हणता त्याला कुणी काढू शकत नव्हतं. बरोबर. पण त्या म्हातारीला तो काढू शकत होता. अहवालात तिची एक ओळ, 'कलम ४७ खाली कारवाई: १'. तुम्हाला टन-पौंडाचं कौतुक वाटलं, मला त्या एकाचं वाईट वाटतं.

परिघावरचा

ताई, ती ओळ मी वाचली होती आणि पुढे गेलो होतो. तरी विचारतो, उंदरांच्या घरात तिला तशीच ठेवायची का?

हॅरोची सून

घर साफ करायला माणूस पाठवायचा. उंदीर हलवायचे, बाई नाही.

माजी स्व.नि.

मी निवृत्त स्वच्छता निरीक्षक. इंग्लंड पाहिलेलं नाही. तिथे १९५६ मध्ये सॅनिटरी इन्स्पेक्टर हे नाव जाऊन पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर झालं म्हणतात, आमच्या गावात लोक आम्हाला शेवटपर्यंत सॅनिटरीच म्हणाले.

एका पालिकेत होतो, नाव नको. पावसाळ्यात पाण्याच्या टाकीवर टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, पडत नव्हती. पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट केली, बाटलीत पिवळा रंग यायला हवा, आलाच नाही. तीन नळांवर केली, तिन्ही पांढऱ्या. रीतसर लेखी दिलं. महिन्याच्या आत माझी बदली घरपट्टी विभागात.

तेव्हा वॉशरसाहेब, नळ लागतोच, नाही कोण म्हणतंय. ताईंचंही पटलं, आमच्या हातातही सत्ता आली की आम्ही टपऱ्यांवर दाखवायचो, बड्या हॉटेलांवर नाही. पण मंत्र्याच्या संमतीचं ते कलम वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो.

कावेबाज कावळा

काका, मग टाकीत पावडर पडली का?

माजी स्व.नि.

पडली. खालच्या आळीत कावीळ आल्यावर.