‘फ्रॅक्चर टफनेस’ला कठीणपणा म्हणावं का?

प्रश्न : नाशिकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट कार्बन फायबर लॅमिनेटवर (थरावर थर चिकटवून केलेलं साहित्य), गोषवारा मराठीतून द्यायचाय. ‘भंग-कठीणपणा’ लिहिलं तर चालेल?

उत्तर : नको. कठीणपणा हार्डनेसला रुळलाय. काच कठीणच असते, पण एकदा चीर पडली की आरपार जाते. तू मोजणार आहेस ती पडलेली चीर पुढे न्यायला लागणारी ऊर्जा, ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये. त्याला आपला शब्द आहे चिवटपणा. गोषवाऱ्यात ‘भंग-चिवटपणा’ लिही.

पेठ तालुक्याकडे कुणी बांबू चिरत असेल तर जवळ उभं राहून बघ. कोयता टोकाला ठोकून जरा पिळला की चीर पात्याच्या पुढे पळते. तुझा डीसीबी (डबल कँटिलिव्हर बीम) नमुना, म्हणजे चाचणीची पट्टी, असाच उकलतो. साधारण 125 मिलिमीटर लांब, 20 ते 25 रुंद पट्टी. जाडीच्या मधोमध दोन थरांत जेमतेम 13 मायक्रॉनची टेफ्लॉन फिल्म, तीच सुरुवातीची चीर. टोकाला वर-खाली बिजागऱ्या चिकटवायच्या आणि मशीनवर सावकाश ओढायचं. कडेला पांढरं करेक्शन फ्लुइड लावून मिलिमीटरच्या खुणा कर, नाहीतर काळ्यावर काळी चीर दिसत नाही.

डिलॅमिनेशनला ‘थर उकलणे’ म्हण. टाच उकलते, शिवण उकलते, तसंच हे.

प्रश्न : ताई, चिवट म्हटलं की शिळी भाकरी डोळ्यांपुढे येते. कार्बन फायबर तर कडक!

उत्तर : ती भाकरी वातड. सादळलेला पापडही वातड; तो वाकतो म्हणून मोडत नाही. चिवट वस्तू कडक असू शकते, फक्त तडा गेला तरी सहजी हार मानत नाही. चिवट आजार, चिवट माणूस म्हणतो तो हाच अर्थ.

प्रश्न : आणि फायबर ब्रिजिंग?

उत्तर : मी ‘तंतूंचा साकव’ म्हणते. चीर पुढे गेली तरी काही तंतू दोन्ही काठ धरून राहतात, त्यामुळे चिवटपणाचा आकडा चढत जातो. त्या चढलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नकोस. सगळे तंतू एकाच दिशेला असलेल्या नमुन्यात हे साकव फार पडतात. खऱ्या भागात थर वेगवेगळ्या कोनांत असतात, तिथे त्यांचा भरवसा नाही. गोषवाऱ्यात चीर फिल्मपासून पहिल्यांदा सरकली तेव्हाचा आकडा दे आणि त्याला ‘आरंभीचा चिवटपणा’ असं नाव दे.