मे आणि नोव्हेंबरच्या माती अहवालात एवढा फरक कसा?

मानवतकर: नमस्कार मंडळी. मानवत तालुक्यात चार एकर भारी काळी आहे. सोयाबीन, त्यावर हरभरा. मे महिन्यात माती तपासली: क्षारता (विरघळलेले क्षार, डेसिसायमन/मीटरमध्ये) ०.४१, सामू (पीएच) ८.०, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) ०.४८ टक्के. सोयाबीन निघाल्यावर नोव्हेंबरात पुन्हा दिली तर ०.२४, ८.२ आणि ०.५५. मधे शेणखत टाकलेलं नाही. बापू म्हणतात, प्रयोगशाळेत मातीच्या पुड्या बदलल्या. कोणता अहवाल धरावा?

ढेकूळफोड्या: बापूंना सांगा, पुड्या ठीक असतील. उन्हाळ्यात वरचं पाणी उडतं, खालचं वर ओढलं जातं आणि येताना आणलेले क्षार वरच्या थरात सोडून जातं. पावसाळ्यात तेच धुऊन खाली. क्षारतेचे दोन्ही आकडे १ च्या आत आहेत, पिकाला धोका नाही. क्षार उतरले की सामू जरासा चढतो, शिवाय ०.१-०.२ चा फरक एकाच पुडीतली माती दोनदा तपासली तरी येतो. कर्बाचं म्हणाल, तर सोयाबीनचा पाला गळून पडलेला असतो. तो बाजूला न सारता खड्डा घेतला की ०.०७ चा फुकट आनंद मिळतो. खतासाठी मे चा धरा, आणि पुढं मे ची तुलना मे शीच करा.

मानवतकर: आभारी आहे दादा. मातीची घनता पण घरीच मोजायचा विचार आहे, जमिनीत ठोकून ठरल्या मापाची माती काढायला लोखंडी कडं करून घेतलंय. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, तेव्हा मोजू का?

ढेकूळफोड्या: आपल्या काळीत नको. ही माती ओलीनं फुगते, वाळली की आकसते, म्हणून ओल सांगितल्याशिवाय घनतेच्या आकड्याला अर्थच नाही. वापशात, म्हणजे ओल मशागतीजोगी असताना, घन सेंटीमीटरला साधारण १.२-१.३ ग्रॅम भरते, वाळलेलं ढेकूळ १.६ च्या पुढं जातं. मे मध्ये कडं ठोकलं तर मधे भेग येणार, नाहीतर कडंच वाकणार. वापसा आला की ठोका आणि त्याच मातीची ओल मोजा: १०५ अंशांवर २४ तास वाळवून. १०० ग्रॅमचे ७८ उरले तर ओल २२ टक्के नाही हं, ओल कोरड्या मातीच्या वजनावर धरतात: २२ भागिले ७८, म्हणजे २८ टक्के. इथं भले भले शिकलेले घसरतात.

किनवटची_लेक: आमच्या मुरमाड रानात एवढी नाटकं नसतात बाई! पण मे मध्ये नमुना घेताना भेगांचं काय करायचं?

ढेकूळफोड्या: ताई, भेगेपासून वीतभर लांब सरका. वरची भुरभुरी माती भेगेत पडलेली असते. १५ सेंटीमीटर खोलीची म्हणून वरचीच हाती लागते. इंग्रजी व्ही सारखा खड्डा करून एका बाजूची सारख्या जाडीची चकती काढा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, सावलीत वाळवा. मानवतकर, जागा मोबाईलवर टिपून ठेवा, पुढच्या मे ला तिथंच खणायचंय.