इस्त्रीचं टेबल

कुणीतरी म्हटलंय की एमएला जॉन ऑस्बर्नच्या 'लुक बॅक इन अँगर'च्या नोट्स वाचल्या तरी भागतं, नायक जिमीच्या बडबडीपलीकडे त्या नाटकात आहेच काय. मार्कांपुरतं खरं आहे, मीही तेच केलं. १९५६, लंडनचं रॉयल कोर्ट थिएटर, अँग्री यंग मॅन एवढं घोकलं आणि रंगसूचना सरळ गाळल्या. नंतर मित्रांसोबत मोठ्याने वाचताना कळलं की गंमत तिथेच आहे. पहिल्या अंकात रविवारची संध्याकाळ, जिमीचा शर्ट घालून त्याची बायको अ‍ॅलिसन इस्त्री करतेय. तिसऱ्या अंकात पुन्हा रविवार, पुन्हा जिमीचाच शर्ट, पुन्हा इस्त्री. फक्त बाई बदललीय, आता बायकोची मैत्रीण हेलेना. एका टेबलाने जिमीच्या सगळ्या भाषणांचं पितळ उघडं पाडलंय. (ऑस्बर्नला ते पाडायचं होतं का, हा वेगळा वाद.)

नाटककार हॅरॉल्ड पिंटरचंही तसंच. 'द बर्थडे पार्टी' १९५८ साली लंडनमध्ये आठवड्याभरात गुंडाळलं गेलं होतं. नुसतं डोळ्यांनी वाचलं तर कॉर्नफ्लेक्स आणि पेपर, एवढंच दिसतं. रंगसूचनेत 'पॉज' आला की खरंच थांबून बघा. आमच्यातल्या एकाला आधी हसू आवरेना, मग सगळेच गप्प झालो.