म्यूल अकाउंटमधलं म्यूल म्हणजे खेचरच का?

पूर्वभागवाला:
नमस्कार मंडळी. काल बँकेत गेलतो तिथं बोर्ड लागलाय, म्यूल अकाउंटपासून सावध राहा, आणि परवाच नवी पेठेत बायकोला चप्पल बघत होतो तर दुकानदार मागनं उघडी चप्पल दाखवून म्हणतोय ह्याला म्यूल म्हणतात. डिक्शनरीत बघितलं तर खेचर! बँक, चप्पल आन खेचर, संबंध काय ओ? विचारायचं कारण म्हणजे आमच्या लूमवरच्या एका पोराला कोणतरी म्हणालंय खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो, एटीएम आणि सिमकार्डसकट. त्याला नीट समजावून सांगायचंय.

खडूवाल्या बाई:
खातं आणि खेचर एकच, चप्पल वेगळी. मान खाली घालणं आणि मान देणं, यातल्या माना जशा वेगळ्या तसं. चप्पलेचा म्यूल आलाय लॅटिनमधल्या 'मुलेउस'वरनं, रोममधले मोठ्या पदावरचे लोक लालसर जोडा घालायचे तो. जनावराचा म्यूल 'मूलुस'वरनं. बाप गाढव, आई घोडी. घोड्याचे क्रोमोसोम 64, गाढवाचे 62, खेचराचे 63, जोड्या जुळत नाहीत म्हणून त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. पण काम लै करतं, दुसऱ्याचं ओझं मुकाट वाहतं. त्यावरनंच लपवून ड्रग्ज नेणाऱ्या माणसाला म्यूल म्हणायला लागले आणि मग चोरीचा पैसा वाहणाऱ्या खात्याला.

रिंगखातं:
वडील गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सूत कातायच्या एका मशीनचं नावच म्यूल होतं! इंग्लंडात बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टननं 1779 साली केलं. त्याआधीची कातायची दोन मशीनं, हारग्रीव्हजच्या जेनीचा हलता गाडा आणि आर्कराइटच्या वॉटर फ्रेमचे रोलर, दोन्ही एकत्र, म्हणजे संकर, म्हणून म्यूल. गाडा मागं सरकत सूत ओढायचा, पीळ द्यायचा, मग पुढं जाताना चातीवर गुंडाळायचा. सूत इतकं बारीक यायचं की मलमल विणता यायची. बिचाऱ्यानं पेटंट घेतलं नाही, गिरणीवाले गब्बर झाले आणि ह्याला पार्लमेंटनं 1812 ला 5000 पौंड दिले, एवढंच. पुढं रिंग फ्रेम आली, तिच्यात ओढणं, पीळ आणि गुंडाळणं न थांबता एकदमच चालतं, त्यामुळं म्यूल मागं पडलं.

काउंटरनं३:
त्या पोराला आजच थांबवा, मी बँकेत असतो, रोज बघतो. कुणाचे तरी फसवून काढलेले पैसे अशा खात्यात येतात आणि मिनिटांत चार खात्यांत फिरून जातात. पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं त्याच्याच दारात येतात. खातं गोठलं की पगार पण अडकतो. रिझर्व्ह बँकेनं 2024 च्या डिसेंबरात अशी खाती हुडकायला 'म्यूलहंटर' नावाचं एआय सांगितलंय, म्हणजे बघा किती वाढलंय हे.

पूर्वभागवाला:
लै आभार सगळ्यांचे. पोराला फोन केला, एटीएम कालच देऊन बसलाय. सिम अजून त्याच्याकडंच हाय. कार्ड आत्ता ब्लॉक करायला लावतोय, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला पण फोन लावतो आणि सकाळी त्याला घेऊन बँकेत जातो.